काउंट चांगले आहेत, पण पोर हसत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी पाच वर्षांची, बी-सेल एएलएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा (ल्युकेमियाचा) एक प्रकार. इंडक्शनचा, म्हणजे उपचारांच्या पहिल्या टप्प्याचा, महिना पार पडला, मॅरोत (हाडांच्या मगजात) आता आजार दिसत नाही, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, चांगले, डॉक्टर खूश. पण घरी परत आलेली मुलगी तुम्हाला ओळखू येत नाही. चालायला कुरकुरते, वस्तू फेकते, रात्री दोनला उठून खायला मागते, हसत तर नाहीच. शाळा बंद, मैत्रिणींना दारातूनच परत पाठवताय. घरचे मोठे म्हणतात, आधी जीव वाचू दे, बाकीचं नंतर बघू. तुम्ही विचारताय, तिच्या रोजच्या जगण्याची काळजी आत्ता करायची की उपचार संपल्यावर? आणि अगदी शेवटी, जाता जाता: ती सायकल मागते, देऊ का?

सायकलचं शेवटी सांगते.

बावीस वर्षं मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. औषधं ठरवणं हे डॉक्टरांचं काम, त्यामुळे खाली लिहिलेलं काही करायच्या आधी त्यांच्या कानावर घाला. पण औषध अंगात गेल्यानंतरचे तास आम्ही बघतो, आणि त्या तासांबद्दल मला बोलता येईल.

'नंतर बघू' हे हिशोबातच बसत नाही. एएलएलचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पाच वर्षांच्या मुलीला धड आठवतं असं आयुष्यच जेमतेम दोन वर्षांचं. याच काळात तिला अक्षरं गिरवायची आहेत, भांडायला शिकायचंय, भांडून परत बोलायला शिकायचंय. चांगल्या सोयी असतील तिथे आज या आजारातून दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. म्हणजे हे मूल मोठं होणार आहे असं धरूनच चालायचं, आणि मग ते कसं मोठं होतंय हा प्रश्न आजचाच ठरतो.

जीव वाचवायचा तर बाकी सगळं सोसायलाच हवं, असं घरच्यांना वाटतं. या आजाराचा इतिहास तसं सांगत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन मुलांचा ल्युकेमिया थोड्या काळापुरता का होईना, मागे हटवून दाखवला. साठच्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं आणि (मेंदूत लपलेला आजार मारायला) डोक्याला रेडिएशन यांची सांगड घातली आणि पुढे निम्मी मुलं बरी होऊ लागली. केवढी मोठी गोष्ट! पण ती मुलं वाढू लागली तशी अभ्यासात मागं पडलेली, उंची खुंटलेली दिसायला लागली. तेव्हा 'जगली ना, मग झालं' असं म्हणून कुणी गप्प बसलं नाही. मणक्यातून दिलेल्या औषधांनी तेच काम होतं का हे वर्षानुवर्षं तपासलं गेलं, आणि २००९ मध्ये सेंट ज्यूडच्याच डॉक्टरांनी रेडिएशन अजिबात न देता केलेल्या उपचारांचे निकाल प्रसिद्ध केले. बरं होण्याचं प्रमाण घटलं नव्हतं. अलीकडे कमी धोक्याच्या गटातल्या मुलांना मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचारांच्या शेवटच्या लांब टप्प्यात, व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध आणि स्टेरॉइड दर चार आठवड्यांऐवजी बारा आठवड्यांनी दिलं तरी निभावतं, हेही असंच तपासून कळलं. मुलांना काय सोसावं लागतंय हे कुणीतरी विचारलं, म्हणून हे बदललं.

आणि नेमकं तेच विचारायचं रोजच्या धांदलीत राहून जातं. दर भेटीला सगळे काउंट विचारतात. ताप आला का, उलट्या किती, वजन किती. फायलीत चौकटी असतात म्हणून विचारतात. 'तुला आज काय नकोसं झालं' याला चौकट नाही.

अशी चौकट बनवण्याचा प्रयत्न झालेला आहे. जेम्स वर्नी यांची पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात. २३ प्रश्न: पळता येतं का, भीती वाटते का, बाकीची मुलं खेळायला घेतात का, शाळेत लक्ष लागतं का. २००२ मध्ये कॅन्सर झालेल्या मुलांसाठी तिला वेगळी जोड आली. त्यात दुखणं, मळमळ, सुयांची भीती, आपण कसे दिसतो याबद्दलची खंत, डॉक्टरांशी बोलता येतं का, हे सगळं आहे. पाच वर्षांचं मूल स्वतः उत्तर देऊ शकतं. त्या वयाला आकडे नसतात, चेहरे असतात: हसरा, मधला, रडका. बोट ठेवायचं. आईवडिलांची प्रत वेगळी असते, आणि दोन प्रती शेजारी ठेवल्या की हमखास जुळत नाहीत. एका आईने सगळ्यात मोठा त्रास म्हणून उलट्या लिहिल्या होत्या. तिच्या मुलीने उलट्यांसाठी मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. रडका चेहरा तिने राखून ठेवला होता पोर्टवरची (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीवरची) चिकटपट्टी ओढून काढण्यासाठी. सुई नव्हे, पट्टी! आम्ही दर आठवड्याला ती एका झटक्यात काढत होतो, लवकर सुटका म्हणून. त्या दिवसापासून पट्टी तेलकट द्रावणाने भिजवून ती स्वतःच काढायची. सात मिनिटं लागायची. रडणं बंद.

तुमच्याकडे ही प्रश्नावली नसली तरी अडत नाही. एका वहीत रोज झोपताना तीन चेहरे काढा आणि दोनच गोष्टी विचारा: आजचं सगळ्यात वाईट काय, सगळ्यात मजेचं काय. तिच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. भेटीला जाताना वही न्या.

आता तिचं चालणं. याला हट्ट म्हणू नका. सहा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे यायचा, वडील खांद्यावर घेऊन यायचे, 'लाडावलाय' म्हणायचे. एक दिवस पलंगाखाली त्याचे बूट सरकवताना माझं लक्ष गेलं: दोन्ही बुटांची पुढची टोकं घासून पांढरी पडलेली, टाचा मात्र कोऱ्या. पाऊल वर उचललंच जात नव्हतं, घासत होतं. व्हिन्क्रिस्टिन नसांना त्रास देतं, त्यात असं होतं. आणि स्टेरॉइड मांडीचे स्नायू कमजोर करतं ते वेगळंच. घरी खेळता खेळता बघा: टाचांवर चालायची शर्यत लावा, तिला पंजे वर धरता येतात का? जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकून टेकून उठते का? तसं असेल तर फिजिओथेरपी लगेच सुरू होऊ शकते, पायाला आधाराची पट्टी मिळू शकते, आणि डॉक्टरांना डोसचा विचार करता येतो. बहुतेक मुलांत हे हळूहळू सुधारतं, पण महिने लागतात. (दहा वर्षांपुढच्या मुलाने मांडीचा सांधा किंवा गुडघा दुखतो म्हटलं तर वेगळी तपासणी लागते. स्टेरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, आणि तो धोका मोठ्या मुलांत जास्त.)

व्हिन्क्रिस्टिननेच जबडाही दुखतो. 'भूक नाही' असं फायलीत लिहिलेलं असतं आणि मूल गाल धरून बसलेलं असतं. पोटही साफ होत नाही. पोट घट्ट झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शौच मऊ ठेवणारं औषध आधीपासूनच चालू ठेवायचं. एनिमा किंवा गुदद्वारातून देण्याची गोळी घरी कधीही नाही, काउंट कमी असताना तिथे झालेली बारीकशी इजा महागात पडते. आणि बुरशीच्या संसर्गावरचं औषध नव्याने सुरू झालं तर व्हिन्क्रिस्टिनची आठवण करून द्या. त्यातली काही औषधं व्हिन्क्रिस्टिनचा त्रास बराच वाढवतात. हे डॉक्टरांना माहीत असतंच, पण औषध दुसऱ्याच कुणी लिहून दिलेलं असू शकतं.

रात्री दोनची भूक आणि वस्तू फेकणं हे स्टेरॉइडचं काम आहे. तुमची मुलगी तिथेच आहे, आत कुठेतरी, आणि तिलाही या सगळ्याची लाज वाटते. तिला सरळ सांगा: ही गोळी तुला चिडकी करते, गोळी थांबली की काही दिवसांत बरं वाटतं. सात वर्षांचा एक जण दारातूनच आम्हाला बजावायचा, "आज मी गोळीवाला आहे, माझ्याशी बोलू नका." आम्ही नाही बोलायचो. स्टेरॉइडचे दिवस कॅलेंडरवर रंगवून ठेवा. त्या दिवसांत पाहुणे, परीक्षा, केस कापणं, काही ठेवू नका. दिवसातला शेवटचा डोस थोडा अलीकडे घेता येतो का हे विचारा, झोपेला फरक पडतो. रात्रीसाठी एक छोटी ताटली आधीच भरून ठेवा, मीठ बेताचं, म्हणजे दोन वाजता वाद नको आणि गॅसही पेटवायला नको. गोळ्या थांबल्यावर दोन-तीन दिवस अंग दुखणं, रडू येणं हेही होतं. त्याने घाबरू नका.

सुयांबद्दल माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका चार वर्षांच्या मुलाला म्हटलं, "काही नाही रे, मुंगी चावेल." मुंगी चावली नव्हती, आणि त्याला ते कळलं. पुढचं वर्षभर मी खोलीत आले की तो भिंतीकडे तोंड करायचा. मी फक्त पाणी द्यायला आले असले तरी. त्यानंतर मी मुलांशी खोटं बोललेली नाही. 'दुखेल, पाच अंक मोजेपर्यंत, मग थांबेल' हे मुलं सहन करतात. फसवणूक सहन करत नाहीत. सुन्न करणारं मलम साधारण तासभर आधी लावायचं, म्हणजे घरून निघतानाच. आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून, पाठीला तुमची छाती टेकवून. बोलणारा आवाज एकच असावा. चार माणसं चार बाजूंनी 'शूर आहेस ना' म्हणत असली की मूल बिथरतं. निवड द्या, पण खरी: कोणता हात, कोणतं गाणं, पट्टी कोण काढणार. 'टोचू का?' असं विचारू नका, कारण 'नको' म्हटल्यावर तुम्ही थांबणार नसता. मणक्यातलं इंजेक्शन शक्यतो झोपवून किंवा गुंगी देऊनच व्हावं, आणि पहिल्या खेपेपासून. पहिली खेप वाईट गेली तर पुढच्या पंधरा-वीस खेपा मूल वाईटच धरून चालतं. काही मुलांना तर हॉस्पिटलचं फाटक दिसलं, स्पिरिटचा वास आला, की उलटी होते, अजून काही दिलेलंही नसतं. ही नाटकं नसतात. उलटीचं औषध उलटीच्या आधी द्यायचं असतं, ही साधी गोष्ट यासाठीच जपायची.

पुढचं थोडं कडू वाटेल. तुम्ही लिहिलंय, 'आता तिला कशालाच नाही म्हणवत नाही.' बहुतेकांचं असंच होतं. पण मुलाच्या बाजूने बघा. काल वस्तू फेकली की आई रागवायची. आज फेकली तर आई डोळे पुसते. मूल यातून काय काढेल? की आपल्याला काहीतरी भयंकर झालंय, इतकं की आता रागवतसुद्धा नाहीत. दहा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली होती, "आई ओरडली ना, तेव्हा मला वाटलं मी बरी होणार." जेवायची, दात घासायची, झोपायची वेळ आणि मारायचं नाही हा नियम, एवढं तरी जसंच्या तसं ठेवा. स्टेरॉइडच्या दिवसांत नियम सैल करा, मोडू नका. आणि आजाराचं नाव घ्या तिच्यासमोर. या वयाच्या मुलांना वाटतं, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं. 'तू काही केलंस म्हणून नाही' हे एकदा सांगून भागत नाही, अधूनमधून सांगावं लागतं.

मैत्रिणींचं. दारं बंद केल्याने वाटतो तेवढा फायदा नाही, कारण काउंट पडलेले असतानाचे बरेचसे जंतुसंसर्ग मुलाच्या स्वतःच्या आतड्यातल्या, त्वचेवरच्या जंतूंमुळे होतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असतील त्या दिवसांत गर्दी टाळा. इतर वेळी एक-दोन धडधाकट मुलं, हात धुऊन, खुशाल येऊ द्या. सर्दी-तापवाल्यांना मात्र घरचं कुणी असलं तरी नाही. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या कुणाशी संबंध आला तर त्याच दिवशी फोन करा, पुरळ यायची वाट बघू नका. ताप ३८ सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) पुढे गेला तर रात्र असो, सण असो, निघायचं. वाटेत पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. पोहोचल्यावर तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. हे नियम कडक पाळलेत तर बाकी बऱ्याच ठिकाणी ढील देता येते. उदाहरणार्थ, खाणं. फळं बंद, कच्चं सगळं बंद, अशा याद्या घरोघरी फिरतात. मुलांवर तुलना करून बघितलं तेव्हा या कडक पथ्याचा स्वच्छ धुऊन, नीट शिजवून, ताजं खाण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आधीच तोंडाची चव गेलेल्या मुलापुढून तिचं आवडतं फळ विनाकारण उचलू नका.

शाळा मेंटेनन्समध्ये सुरू व्हायला हवी, बहुतेकांची होते. त्याआधीही शिक्षकांनी आठवड्यातून एकदा फोनवर वर्ग दाखवला तरी नातं तुटत नाही. परतताना शिक्षकांना केसांबद्दल, पोर्टबद्दल, तापाबद्दल आधीच सांगून ठेवा. कॅन्सर चिकटत नाही हेही सांगा. सांगावं लागतं.

मेंटेनन्समध्ये रोजची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी असेल. इथे मात्र सवलत नाही. १०० पैकी ९५ डोसही पोटात जात नसतील तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत स्पष्ट दिसलंय. पण गोळीभोवतीचा छळ कमी करता येतो. अनेक घरांत मूल अर्ध्या झोपेत उठवून, उपाशीपोटी, दूध न देता गोळी कोंबली जाते, कारण कधीतरी कुणी तसं सांगितलेलं असतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मुलांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात गोळी खाण्यासोबत घेतली का, दुधासोबत घेतली का, संध्याकाळी घेतली का, यांचा आजार उलटण्याशी संबंध आढळला नाही. डॉक्टरांना विचारा आणि तुमच्या घराला न चुकता जमेल ती एकच वेळ ठरवा.

तिला भावंड असेल तर त्यालाही आठवड्यातून एक तास हवा, ज्यात आजाराचा विषय निघणार नाही. आणि तुम्ही दोघं झोपा. सेवाभाव म्हणून नाही, आईवडील खचले की त्यांना मूल आहे त्याहून वाईट दिसायला लागतं आणि मग सगळे निर्णय भीतीतून होतात. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या.

एक गोष्ट आत्तापासून माहीत असावी. शेवटची गोळी संपते त्या दिवशी सगळे पेढे वाटल्यासारखे खूश असतात, आणि दोन आठवड्यांनी आईवडील मला फोन करून रडतात. रोज काहीतरी करत होतो, आता काहीच करत नाही, मग आजार परत आला तर? हे इतकं नेहमीचं आहे की फोन आला नाही तर मीच करते. त्यानंतरही हृदयाची तपासणी, वाढ, अभ्यासातलं लक्ष, यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची असते. गणितात किंवा लिहिण्याच्या वेगात मागं पडतेय असं वाटलं तर 'आळशी' म्हणायच्या आधी तपासून घ्या.

आता सायकल. ताजा रिपोर्ट काढा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर नाही, पडल्यावर रक्तस्राव नको. वर असतील आणि हिमोग्लोबिन बरं असेल तर पोर्टला धक्का न लागेलसं बघून, हेल्मेट घालून, मागची दोन छोटी चाकं लावून द्या. पाय कमजोर आहेत, तिला दहा पावलांपुढे पॅडल मारता येणार नाही कदाचित. मारू द्या दहाच. पाय पॅडलवरून घसरतो का, कोणता घसरतो, तेवढं मागून चालताना बघून ठेवा आणि पुढच्या भेटीला मला नव्हे, तिच्या फिजिओथेरपिस्टला सांगा.